चार पावलं पुढं

(सप्टेंबर २००७. हिमाचलात, बारालाचा घाटाची चढण. दुपारचे बारा. खचलेल्या रस्त्याच्या अगदी कडेला अकोल्याच्या नंबरची एक जुनी जीप तिरपी उभी आहे. तिच्यातून आताच उतरलेले दोघे : जीप चालवणारा वाहेद आणि त्याचा सोबती सहदेव. जवळच रस्त्याच्या कामावरची एक बाई.)

सहदेव : चाबी दे.

वाहेद : कायची चाबी? पहले तू सरक तिथून. मी गाडी मांगं घेतो.

सहदेव : चाक पायलं का? समोरचं, डाव्या आंगचं? अर्धं हवेत हाय, वाहेद. खाली नदी पाय, सुतळीयेवढी दिसून राहिली.

वाहेद : अर्धं हवेत हाय तं अर्धं जमिनीवर हाय ना बे! बावीस साल अकोट-अकोला काळी-पिवळी चालवली म्या. कोनाले खरोच नाही आली.

सहदेव : चाबी दे म्हनतो ना मी.

बाई : ओ भैया, झंडी नहीं दिखा? इतना जोर से हिलाए हम! किनारे का सड़क बह गया है, गाड़ी पहाड़ साइड से निकालना था.

वाहेद : दिखा बहनजी, दिखा. हाथ दिखा.

बाई : हाथ नहीं, झंडी! लाल झंडी!

सहदेव : बाई, जरा तुमारे लोगां को बुलाव ना. गाडी पीछू वढनी पडती.

बाई : बुलाते हैं. लेकिन जल्दी करिए. ऊपर नाला है, दो बजे के बाद बर्फ का पानी चढ़ता है. फिर कल सुबह तक इधर ही बैठे रहिएगा.

सहदेव : हात दिसला म्हंजे काय रे?

वाहेद : हात दिसला म्हंजे हात दिसला. मले वाटलं सवारी हाय, बसाचं असन. म्हून थांबलो.

सहदेव : तिच्यापाशी कुठी थांबला? चार पावलं पुढं थांबला.

वाहेद : आपन तसंच थांबतो ना! सवारी मांगच्या दरवाज्यातून चढते. चार पावलं पुढं थांबलं की ते पळत येते, टाइम वाचते. हाडात बसलं हाय ते माह्या.

सहदेव : अन् इथीसा कोन सवारी भेटनार होती तुले? या उजाड पहाडात?

वाहेद : काहून? इथच्या लोकायचे पाय दुखत नाही का?

सहदेव : बरं. झेंडी काहून नाही दिसली?

वाहेद : झेंडी तिच्या दुसऱ्या हातात असन.

सहदेव : दोनी हात एकाच बाईचे होते, वाहेद.

वाहेद : तुहीच चूक हाय ही. अकोटातून निघालो तवापासून टकळी लावली तुनं. 'डावीकडून मेंढरं येऊन राहिले, उजवीकडं मिलिटरीचा ट्रक हाय.' आज सकाळी म्हनलं, यार, जरा चूप बस. तं तू सिधा घोराले लागला.

सहदेव : डोकं दुखून राहिलं होतं. हवा पातय हाय इथची. पाच मिनिटं डोया लागला.

वाहेद : मंग?

सहदेव : मंग काय. पाच मिनिटातच हे झालं. इकडं ये. असा उभा राय. त्या बर्फाच्या डोंगराकडं पाय, मान नको हालवू. आता सांग, मी काय करून राहिलो?

वाहेद : कायले नाटक करतं?

सहदेव : सांग ना.

वाहेद : उभा हाय तू. दुसरं काय?

सहदेव : टोपी काहाडून हालवून राहिलो. तुह्या कानापाशी.

वाहेद : घाल ते टोपी. थंडी हाय.

सहदेव : कवापासून?

वाहेद : दर्यापूरले डोळ्याचं शिबिर होतं. गुलनारचं माहेर तिथंच ना. तिचा मोतीबिंदू दाखवाले गेलो, अन् डॉक्टरनं मलेच बसवून घेतलं. म्हने काचबिंदू हाय. बाजूचं गेलं ते गेलं, वापस येत नाही. समोरचं दवा टाकून टिकन तितकं टिकन. पाइपातून पायल्यावानी दिसते मले. दोन साल झाले.

सहदेव : भाबीले मालूम हाय?

वाहेद : तिले सांगतलं, डोळे आले म्हून दवा टाकतो.

सहदेव : दोन साल डोये आले तुहे?

वाहेद : ती भोळी हाय.

सहदेव : भाबी भोयी नाही. चूप बसली असन.

वाहेद : अरे, रोड पाठ होता मले! अकोट सुटलं की मोठा कडुनिंब, मंग चोहोट्टा, मंग गांधीग्रामचा पूल, मंग उगवा. डोळे बांधून चालवली असती. अन् इकडं येताना ट्रकाच्या मांगं मांगं आलो. ट्रक समोर असला की बाजूचं पाहा लागत नाही.

सहदेव : रोड पाठ होता. सायकलवाले पाठ होते का? शायेतले पोट्टे? पुलावर आडवा येनारा बैल?

वाहेद : कोनाले लागलं का? एकाचं तरी नाव सांग!

सहदेव : नाही लागलं.

वाहेद : मंग!

सहदेव : काहून नाही लागलं?

वाहेद : अल्लाची मेहेरबानी.

सहदेव : ते तं हायच. पन समोरच्या सीटवर कोन बसे रोज?

वाहेद : तू. अकोल्याच्या बजाराचं फुलाचं टोपलं मांडीवर घेऊन. त्या टोपल्यानं माहा गेअर अडे.

सहदेव : अन् काय बोलत राहो मी?

वाहेद : जगभराचं. 'तो पाय, पंजाबराव सायकल घेऊन निघाला. बेबीताईची म्हैस सुटली वाट्टे. पोट्टे डाव्या आंगानं चालले.' डोकं उठवे तू माहं. रोज सकाळी...

सहदेव : हं.

वाहेद : तुले मालूम होतं.

सहदेव : चोहोट्ट्याच्या टपरीवर तुहा चहा तुह्या बाजूले ठेवला होता. तू हात मारून पाडला. दुसऱ्या दिवशीबी पाडला. तिसऱ्या दिवसापासून मी कप सरकवून तुह्या समोर ठेवाले लागलो.

वाहेद : मले वाटे टपरीवालाच ठेवते. पन तू सांगतलं काहून नाही? अबे, बारा-बारा सवाऱ्या राहत होत्या गाडीत! बाया, लेकरं! मले नोतं दिसत, तुले तं दिसत होतं ना? कॉलर धरून खाली उतरवाचं होतं मले!

सहदेव : उतरवाले पायजे होतं. चुकलंच ते. येखांद्या दिवशी आपन गेलो नाही तं काय होईन, या भेवानं झोप लागे नाही मले. म्हून खाडा नाही केला कधी. तापात असलो तरी आलो.

वाहेद : थांब. गेल्या साली तं तुही विहीर आटली होती. बाग वाळली. तुही घरवाली मानिकबाई गुलनारपाशी रडत होती, की पूजेपुरतं फूल नाही रायलं म्हून. तरी तू टोपलं घेऊन येत होता.

सहदेव : येत होतो.

वाहेद : काय होतं त्यात?

सहदेव : ओलं पोतं.

वाहेद : अन् पोत्याखाली?

सहदेव : काही नाही.

वाहेद : कितीक दिवस?

सहदेव : पाऊस येईपर्यंत.

वाहेद : या अल्ला. त्या टोपल्यावरून रोज शिव्या देल्या म्या तुले.

सहदेव : देल्या. चांगल्या जोरात देल्या.

वाहेद : माह्यासाठी तू रिकामं टोपलं घेऊन...

सहदेव : तुह्याचसाठी नाही. आयक. ते साल कसं होतं तुले मालूम हाय. पेपरवाले तुह्याच गाडीत बसून इचारत, आता कोन्या गावाले कोन्या कास्तकारानं जीव देला म्हून. बाग वायली अन् मी दिवसभर खाटेवर बसून राहो. मानिकबाई मले एकट्याले वावरात जाऊ दे नाही. फवाऱ्याची दवाई तिनं भावाच्या घरी नेऊन ठेवली होती. असा झालो होतो मी. पन सकायी सहाले तुही गाडी निघे. उठाले पायजे, टोपलं घ्याले पायजे, नाही तं वाहेद कोनाले तरी उडवते. तेवढंच येक काम होतं मले. पन रोज होतं.

वाहेद : हे बी नाही सांगतलं कधी.

सहदेव : तू कुठी काचबिंदू सांगतला?

बाई : भैया, गाड़ी खींच दिए पीछे. अब निकलिए, पानी चढ़ने से पहले.

वाहेद : शुक्रिया बहनजी. सहदेव, हे घे.

सहदेव : काय हाय?

वाहेद : चाबी. मांगत होता ना मंघापासून?

सहदेव : मले टॅक्टर येते फक्त. तुले थांबवाले मांगतली म्या. येखांदा ट्रकवाला पाहू, त्याच्यातला डायवर घेऊ अन् मांगं फिरू.

वाहेद : मांगं नाही. बावीस साल पंचेचाळीस किलोमीटर झाले की मांगंच फिरलो मी. म्हून तं परमिट सोडलं, गाडीले पांढरा रंग मारला, धारणी-खंडव्याहून इथवर आलो. या घाटावर जाऊन पलीकडचं पाहाचं हाय मले. समोरचं अजून दिसते तवर.

सहदेव : अन् मंग?

वाहेद : मंग काही नाही. स्टेअरिंगले हात नाही लावनार मी आता. इथं नाही अन् अकोटातबी नाही. पन भेव लागून राहिलं यार. गाडी नसली तं सकाळी उठून करू काय मी?

सहदेव : सहाले माह्या घरी ये. बाग पुन्ना लावली हाय. कळ्या हातानं चाचपून तोडता येते, त्याले बाजूचं दिसा लागत नाही.

वाहेद : तुह्या बागेत तू मले शिव्या देशीन.

सहदेव : देईन तं. दोन सालाच्या बाकी हाय.

वाहेद : बस तिकडून. क्लच टॅक्टरपेक्षा हलका हाय, दमानं सोड. गेअर मी आवाजावरून सांगतो. तू नुसतं पाहाचं.

सहदेव : बंद पडली.

वाहेद : पडन. पुन्ना मार. हां, अशी. पहाडाच्या आंगानं घे. बहनजी, चलते हैं!

बाई : धीरे जाइएगा!

सहदेव : नाला आला, वाहेद. पानी गुडघाभर असन. मधात मोठे मोठे गोटे हाय.

वाहेद : गोटे कोन्या बाजूनं?

सहदेव : उजव्या.

वाहेद : मंग डाव्यानं. पहिला गेअर. मधात बदलाचा नाही अन् पाय काहाडाचा नाही. चाल. आवाज चांगला हाय. चाल, चाल.

सहदेव : निघाली बाप्पा! निघाली!

वाहेद : बोंबलू नको. दुसरा टाक.

सहदेव : टाकला दुसरा. आता?

वाहेद : अशीच चालू दे. चढ सरत आला, इंजीन सांगून राहिलं.

सहदेव : सरला. दोरीवर रंगीबेरंगी झेंड्या बांधल्या हाय, पाय.

वाहेद : दिसल्या. अन् त्याच्या मांगं... येवढं मोठं राहते का बे हे?

सहदेव : डाव्या आंगालेबी तसंच हाय. उजव्यालेबी. मान फिरवून दमानं पाय, घाई नाही आपल्याले.

वाहेद : पाहून राहिलो. तू रोडकडं पाय.

सहदेव : वाहेद, समोर कोनीतरी हात दाखवून राहिलं.

वाहेद : दुसऱ्या हातात काय हाय? पहले ते पाय.

सहदेव : काठी. मेंढरावाली म्हातारी हाय येक, पाठीवर गाठोडं हाय.

वाहेद : मंग थांब. पन चार पावलं पुढं नको. तिच्यापाशीच थांब.