आठ इंचांची नळी

हां, हेच रिव्हॉल्व्हर. आठ इंची. बघू द्या जरा धरून — नाही ओ, मला कशाला, घेतोय अर्बाब, माझा मालक. लायसन त्याचं, शिकार त्याची. मी इथे ओमानातच, खाबुऱ्याला त्याच्या खजुराच्या बागेवर मुकादम, दयानंद, कुडाळकडचा. तो शेजारच्या दुकानात अरबी कावा पीत बसलाय, तोवर आपण मराठीत बोलून घेऊ. धनंजय ना तुम्ही? खिशावर लिहिलंय. पुण्याचे? वाटलंच.

तर धनंजयराव, तो आला की हेच पुढे करायचं. चार इंची मागेल तो — संपलंय म्हणायचं. का म्हणजे? कमरेला बरं दिसतं, फोटोत लोंबत नाही, म्हणून हवंय त्याला. गेल्या वर्षी तेच होतं. गोळी ही एवढी जाड आणि नळी एवढीशी, हातातून उडतं ते, नेम जातो भलतीकडे. लांब नळीला वजन असतं, तोंड वर उचलू देत नाही, पुढची नेमाची माशी डोळ्यापासून लांब, नेम धड बसतो — पण हे मी तुम्हाला काय सांगतोय, तुम्ही विकताच.

थंडीत आम्ही आफ्रिकेला शिकारीला जातो. मी शिंगं धरायला. हसू नका, खरंच. पडलेल्या जनावराच्या मानेवर जीव आहे तोवर बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरली, तरच अर्बाब मांस खातो. सुरी कासमची — आमच्या बागेतलाच, बलुची, दाढीला मेंदी लावायचा — आणि मी हिंदू, मी नुसती शिंगं दाबायची. म्हणजे बघा, दुसरे शिकारी जनावर पडलं की लांब थांबतात, मेलं का बघतात. आम्ही पळत सुटतो. मरायच्या आत पोचायचं ना.

ओरिक्स होता, घोड्याएवढं हरिण. इथे ओमानात त्याला हात लावायचा नाही, तिकडे चालतं. खांद्यात बसायची गोळी पोटात बसली. पडला. तिकडचा गाइड ओरडतोय थांबा, थांबा, आणि अर्बाब मागून यल्ला, यल्ला. मी शिंगाला हात घालणार तोच उठला — आतडी लोंबतायत आणि उठला. त्याची शिंगं वळलेली नसतात ओ, भाल्यासारखी सरळ. एक कासमच्या बरगडीतून गेलं ते पाठीतून बाहेर. जनावर मान झटकायचं की कासम झटकला जायचा, गोणपाटासारखा, मुठीत सुरी तशीच. अर्बाबने झाडल्या मग, माझ्या कानाजवळून. एक जनावराच्या डोक्यात, एक मातीत, एक — जाऊ दे. कासमच्या मांडीत. तो आधीच गेला होता म्हणे. अर्बाब म्हणतो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं धनंजयराव, पाणी मागत होता तो.

हे घरी बायकोलाही बोललो नाही मी. तिला वाटतं आम्ही तिकडे वाघसिंह बघायला जातो.

आता सुरी कासमचा भाऊ धरणार, नुमान. लहान आहे, लग्न व्हायचंय. म्हणून म्हणतो, पहिली गोळी नीट बसू दे — एवढंच, दुसरं काही नाही. त्या दिवशी अर्बाब ओकायला बसला, रिव्हॉल्व्हर टाकून. मी उचललं. पाचातली एक गोळी उरली होती. जनावर तर केव्हाच मेलं होतं, तरी मी घोडा मागे ओढला आणि — वीस पावलांवर होता अर्बाब, पाठमोरा. चाप दाबला. समोरची फांदी तुटली. त्याला वाटलं मी जनावरावरच झाडली. शाबास म्हणाला मला. चार इंची नळी, उडणारच ना हातातून, हे जर तेव्हा आठ इंची असतं —

नाही, तसं नाही. असं बघू नका. बोलण्याच्या भरात बोलतो माणूस. मी नुमानसाठी सांगतोय.

आला. सलाम, अर्बाब. हे बघा, आठ इंची, फार चांगलं. नाही अर्बाब, छोटं संपलंय, हे साहेबच म्हणतात — सांगा ना, धनंजयराव.

अहो, ते छोट्यांचं कपाट कशाला उघडताय?