खुर्ची नको म्हणून सांग

शिक्रापूरच्या थांब्यावर शिरूरची एसटी काही येत नव्हती. शितलच्या पुढं एक मावशी आणि त्यांचा भाचा उभे होते, आणि मावशींचा आवाज लपणारा नव्हता.

“लंडनला एंजलला फोन लाव आन् सांग, खुर्ची नको.”

“मावशी, तिनं तिकिटासंगच व्हीलचेअर सांगितलीया. मधी विमान बदलायचं हाय. त्यांचा माणूस ढकलत तुला थेट दुसऱ्या विमानापाशी सोडतो. समद्या म्हाताऱ्या तशाच जात्यात.”

“धड पाय असून लंगडी म्हणून बसू? रविवारी चर्चमधी पाळकांना काय तोंड दाखवू?”

“तुला इंग्रजी येतं का?”

“आपल्या भाड्याच्या खोल्यांत कंपनीची पोरं ऱ्हात्यात, बिहारची, ओडिशाची. त्यांच्याशी मी कुठल्या भाषेत भांडते?”

“तिथं भांडायचं न्हाई, गेट शोधायचं. चुकलीस तर विमान जाईल निघून.”

“जाऊ दे. दुसरं येईल.”

“ती काय एसटी हाय व्हय?”

“स्टीफन, माझी लेक लंडनला गेली तवा गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन मी खाटंवर पडलेली. रडतच गेली. चार वरसं झाली. रोज सकाळी चर्चपासून नाक्यापतूर दोन चकरा मी काय हवा खायला मारते?”

तेवढ्यात एसटी आली. पायरी उंच होती, म्हणून स्टीफननं मावशींचा दंड धरला. मागं शितल थांबली, अख्खी रांगच थांबली.

“हात सोड,” मावशी म्हणाल्या, “आन् फोन लाव. म्हणावं, विमानतळाच्या दारात उभी ऱ्हा. तुझी आई चालत येतीया.”