पालथी फळी

माझं माहेर साखरशेतचं, तिकडं भात आणि नागली, बारा महिने हातात माती, आणि मला दिली ती इकडं सूर्यमाळच्या खाली, ह्या धरणाच्या काठाच्या पाड्यावर. म्हणून अजून मला सगळी साखरशेतवालीच म्हणतात, नाव कोणाला ठावं नाय. लगीन होऊन आली तवा सासू म्हणाली, बाय, डोळ्यांनी बघायला पाणी लई हाये आपल्याकडं, हंड्यात मात्र नाय. खरंच हो. खाली एवढं मोठं पाणी पसरलेलं, पण गढूळ, पिता येत नाय, आणि चैत-वैशाखात आमी बाया झऱ्यावर वाटी वाटीनं हंडा भरतो, काय सांगू तुमाला.

त्या पाण्याखाली एक पाडा हाये. खालचा पाडा म्हणतात त्याला. धरण भरलं तवा तिथली माणसं उठली, कोणी इकडं गेली, कोणी तिकडं, एक घर तेवढं आमच्या पाड्यावर आलं, ते लहानूबाबाचं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं का चिखलातून त्यांची उखळं वर येतात, घरांची जोती येतात, एक चिंचेचं खोड येतं. लहानूबाबा तिकडं बघत नाय. बिडी ओढतो ती पण पाण्याकडं पाठ करून. आमच्यात म्हाताऱ्याला डोसा म्हणतात, आमी म्हणायचो, डोसा आता लाजाळू झाला.

आमचा माणूस, किसनचा बापूस, तो दिवाळी झाली का समुद्राकडं जायचा, कोळ्यांच्या होडीवर खलाशी म्हणून. मी पण जायची, मासळी वाळवायला. हा डोंगरातला माणूस, पण पाण्याचं त्याला वेड. त्याच्या नाखव्यानं इंजिनाची होडी घेतली आणि जुनी शिडाची होडी किनाऱ्यावर पडून राहिली, तर ह्यानं ती मागून घेतली आणि ट्रकात घालून घाटावर आणली. सगळा पाडा हसला. बायका म्हणाल्या, साखरशेतवाली, तुझ्या माणसानं समुद्र पण आणलाय का मागच्या गाडीत? हा म्हणाला, हसा, पावसात पलीकडं जायला हिलाच हात जोडाल. दोन पावसाळे चालवली त्यानं. मंग त्याला खोकला लागला, आणि त्या खोकल्यातच गेला तो. होडी काठावरच्या जांभळीखाली पालथी पडली, वर वेल चढले, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या.

आता आमच्यात कसं असतंय, तुमी नवीन हायेत म्हणून सांगते, माणूस गेला का त्याचा वीर बसवायचा. वीर म्हणजे सागाची फळी, वर चांद-सूर्य कोरायचे, खाली घोड्यावर बसलेला माणूस, आणि भाऊबंदाला जेवण घालून ती फळी जमिनीत उभी करायची. तोवर गेलेला माणूस बसत नाय, फिरत राहतो. ह्याच्यासाठी मी सागाची फळी माळ्यावर ठेवलेली, चांगली सुकलेली, तेल लावलेली. पण कोरणारा माणूस आजारी, मंग किसन ठाण्याला बिल्डिंगच्या कामावर, मंग एका साली भात गेलं, असं करत करत ऱ्हाऊन गेलं. फळी माळ्यावरच. मी पेज शिजवायला बसली का वर बघायची आणि म्हणायची, थांब रं जरा.

तर होडीचं सांगत व्हती. किसनचं लगीन झालं, सून आणली मंजुळा, चांगली पोर, तोंडानं फटकळ पण हाताला उरक. तिला दिवस गेले. आणि त्याच्या मागच्याच पावसात रस्त्याची मोरी वाहून गेलेली, शेजारच्या घरची सून झोळीत घालून डोंगरानं नेली माणसांनी, ती वाटेतच गेली, पोर पण गेलं. मी त्या झोळीमागं चालत व्हती. ते मी इसरत नाय. मंजुळाचा महिना आषाढात भरायचा. मोरी काय झाली नव्हती. पाण्यावरनं गेलं तर पलीकडं जीपची सडक हाये, तिथनं दवाखाना. मी किसनला म्हटलं, बापाची होडी उभी करायची. तो शिमग्याला घरी आलेला, म्हणतो, आये, वो सड गया, चुलीत घाल ते लाकूड. मी म्हटलं, तुझं ठाण्याचं बोलणं ठाण्याला ठेव, आणि तिकडनं हात लाव.

कोळ्यांच्यात राहून मी बघितलेलं व्हतं सगळं. वेल तोडले, होडी सुलटी केली, शेवाळ खरडलं, बुडाच्या फळ्यांच्या सांध्यात सूत वळून वळून ठोकलं, वरनं राळ आणि तेल कढवून ओतलं. बूड चांगलं व्हतं, समुद्राचं मीठ पिऊन लाकूड घट्ट झालेलं. खराब व्हतं ते वरचं. ह्या होडीला पुढच्या अंगाला फळ्यांचं झाकण हाये, खाली माणूस आडवा होईल एवढी जागा, जाळी ठेवायची ती. मला मंजुळाला तिथंच निजवून न्यायची व्हती, पावसात कोरडी. आणि त्या झाकणातली मधली फळी साफ कुजलेली, बोट घातलं तर भुगा.

साग आणायचा कुठनं? जंगलातलं झाड तोडता येत नाय. माळ्यावरची फळी माझ्या मनात पण आली नाय, ती त्याची व्हती. मंग चैतात पाणी खाली गेलं आणि मी किसनला घेऊन चिखलात उतरली, खालच्या पाड्याच्या घरांची काय लाकडं मिळतात का बघायला. चिंचेच्या खोडापाशी एक फळी पालथी पडलेली, पाठ वर. कोयत्यानं खरवडलं तर आत लाल, अस्सल साग, पाण्यात राहून लोखंड झालेला. मला एवढा आनंद झाला. उचलली तर खालचं अंग खडबडीत, चिखल आत बसलेला, मी म्हटलं खेकड्यांनी खाल्लं असंल. चढावर आणताना किसन हसत म्हणतो, आये, तू मागं धरलीय का वर बसलीय? फळी पायरीपायरीला जड व्हत व्हती. आमी हसलो. तवा हसलो.

गुळगुळीत अंग वर केलं, पाय ठेवायला बरं, खडबडीत अंग खाली, होडीच्या पोटाकडं. मापात कापायला पण लागली नाय, अशी बसली जसं कोणी निजायला येतं. सूत ठोकलं, राळ ओतली, वाळायला ठेवली. मंग वर हंडा ओतला आणि मी खाली वाकून बघितलं. सांधे कोरडे. आणि फळीच्या मधोमध, जिथं भोक नाय, खिळा नाय, तिथनं थेंब. टप. थांबून टप.

परत राळ दिली. परत थेंब. किसन म्हणाला, पाण्यात मुरलेलं लाकूड हाये, पाणी सोडणार, ऊन दे. मला पण पटलं. दिलं ऊन. वैशाखाचं ऊन काय असतंय ते तुमाला ठावं हाये, बाजूच्या फळ्यांना चिरा गेल्या, त्या मला परत बुजवायला लागल्या, पण ही मधली खालून ओली ती ओलीच. भर दुपारी, पान हलत नाय, चार दिवसात कोणी वर तांब्याभर पाणी ओतलं नाय, आणि आत टप. मी खाली वाटी ठेवली, ती भरायची. जिभेला लावून बघितलं, चिखलाची चव, खालच्या पाण्याची. आमचा कुत्रा होडीच्या सावलीत निजायचा, तो उठून उन्हात जाऊन बसला. कोंबड्या पण तिकडं फिरकंनात.

मंग एका दुपारी मंजुळा, पोट घेऊन उकाड्यानं जीव गेलेला, ती त्या झाकणाखाली जाऊन आडवी झाली. मी बाहेर सूत वळत बसलेली. थोड्या वेळानं ती सरपटत बाहेर आली, तोंड पांढरं. म्हणाली, आये, वर कोण निजलंय? मी म्हटलं, वर कोण निजंल, मी इथंच हाये. ती म्हणाली, नाय, वर कोणतरी पालथं निजलंय. माझ्याकडं तोंड करून. त्याच्या डोळ्यातलं पाणी माझ्या पोटावर पडतंय. तिच्या लुगड्यावर पोटाशी ओला डाग व्हता. मी हातातलं सूत खाली टाकलं.

मी सरळ लहानूबाबाच्या दारात गेली. म्हटलं, बाबा, खालच्या पाड्याचं लाकूड मी आणलंय, जरा बघायला चल. डोसा म्हणाला, तुझ्या माणसानं समुद्र आणला, तू आता माझं गाव आणलं का वर? पण आला, काठी टेकत. त्याला डोळ्यांनी कमी दिसतं. झाकणाखाली अंग घातलं आणि हातानं चाचपू लागला. मी म्हटलं, खेकड्यांनी खाल्लंय ते. बोटं वर गेली, गोल फिरली, मंग खाली आली, हळूहळू, जसं लहान पोराच्या तोंडावरनं फिरवतात. म्हणाला, हा चांद. हा सूर्य. हा घोडा. मंग म्हणाला, घोड्याला पाय किती हायेत, मोज. मी हात घातला, चिखल उकरला. तीनच. तो म्हणाला, कोरताना पटाशी सटकली आणि चौथा पाय उडाला, माझी आयस त्या कोरणाऱ्याला किती भांडली, म्हणाली माझ्या माणसाला लंगड्या घोड्यावर बसवला. साखरशेतवाली, हा माझा बापूस हाये.

बाहेर येऊन त्यानं बिडी पेटवली, पहिल्यांदा पाण्याकडं तोंड करून. म्हणाला, पाणी यायचं ठरलं तवा वीर उपटून नेता येत नव्हते, घाई लई व्हती, आणि बसलेला वीर हलवायचा तर भाऊबंद पाहिजेत, भाऊबंद तर सगळे फुटलेले. मंग म्हाताऱ्यांनी ठरवलं, त्यांना जाग्यावरच पालथं निजवायचं. घर सोडून आमी चाललो ते त्यांनी बघू नये, आणि पाणी येताना त्यांना दिसू नये. मातीकडं तोंड करून निजवले सगळे. मी माझ्या हातानं निजवला त्याला.

आणि मी काय केलं? ज्याला पाणी दिसू नये म्हणून मातीत तोंड घालून ठेवला, त्याला मी उचलून होडीच्या पोटावर ठोकला, पाण्याकडं तोंड करून.

त्याच दिवशी फळी काढली. खिळे असे सुटले जसे लोण्यात बसवले व्हते. काठापासून वर, जिथनं पाणी दिसत नाय, डोंगराकडं तोंड करून ती उभी केली, शेंदूर लावला, कोंबडा कापला, मोहाची धार सोडली, भाऊबंद नव्हते तर आमचाच पाडा जेवला. लहानूबाबा फळीला म्हणाला, बाबा, आता बघ खुशाल, इकडं नुसती नागली दिसंल.

पण होडीला भोक तसंच. मिरग तोंडावर आलेला. मंजुळा चालताना कमरेवर हात ठेवायची आणि त्या झोळीचं काय बोलायची नाय, आणि ती बोलत नाय म्हणूनच मला कळायचं. मी चुलीपाशी बसली आणि वर माळ्याकडं बघितलं. किसननं पण बघितलं. म्हणाला, आये, नको. बापूस मंग बसणार कुठं? फिरतच राहील तो. मी म्हटलं, तो जिता असताना तरी एका जागी कधी बसला? आणि माळ्यावर चढून फळी खाली घेतली. तिच्यावर काय कोरलेलं नव्हतं, चांद नाय, सूर्य नाय, घोडा नाय. दोन्ही अंगं सारखी. ठोकायच्या आधी मी तिच्यावर हात ठेवला आणि म्हटलं, बघ रं, जेवण तुला घातलं नाय, घोडा तुला दिला नाय, होडी तेवढी देते. सून तुझी हाये. कोरडी ठेव.

वर हंडा ओतला. मी खाली आडवी झाली आणि वाट बघितली. नाय पडला थेंब.

आषाढात भर दिवसा कळा सुरू झाल्या. पाऊस असा का समोरचा डोंगर पुसून गेलेला. ताडपत्री शिवून शीड केलेलं, किसन सुकाण्यावर, मी मंजुळाला घेऊन झाकणाखाली. वर पाऊस वाजत व्हता, मी हात वर करून फळी चाचपत व्हती, कोरडी, कोरडी. मधोमध आलो, जिथं खाली तो पाडा हाये, आणि वारा पडला. एकदम. पाऊस सुद्धा थांबला. होडी उभी. शीड लोंबतंय. पाणी असं गुळगुळीत का त्यात बघायची भीती. मंजुळानं माझा हात धरला, नखं रुतली. आणि बुडाला खालनं कायतरी घासलं, हळू, एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत, जसं कोणी हात फिरवून बघतंय ही कोणाची होडी. मी किसनला हाक मारली, तो म्हणाला, आये, बोलू नको.

तवा वरच्या फळीत कोणतरी खोकललं. एकदा. मी तो खोकला ओळखते, त्याच्या बाजूला मी निजलीय एवढी वर्सं. मंजुळानं पण ऐकला, माझ्याकडं बघितलं. खालचं घासणं थांबलं. आणि शीड फुगलं.

पोरगी झाली. दवाखान्यातल्या बाईनं विचारलं, एवढ्या पावसात आलात आणि बाळंतीण कोरडी कशी? मी म्हटलं, घरातलं माणूस बरोबर व्हतं.

आता ती पोर चालते, कोंबड्यांमागं धावते. भाऊबंद विचारतात, वीर कधी बसवणार. मी म्हणते, बसलाय तो. त्या फळीवर आमी कोणी पाय देत नाय, सणाला दोन दाणे भाताचे ठेवतो. शेजारची फळी मऊ व्हायला लागलीय, परवा बोट घालून बघितली. मी किसनला सांगितलंय, माझ्यासाठी कोरणारा शोधू नको, सागाची चांगली फळी तेवढी बघून ठेव, त्या जागेच्या मापाची.

निघा आता, उजेड हाये तोवर. किसन सोडील तुमाला पलीकडं त्याच होडीनं. चढताना पाऊल मागच्या अंगाला द्या, आणि मधोमध गेल्यावर खोकला ऐकू आला तर घाबरू नका, माझा माणूस बघतोय तुमी नीट बसलात का. सुखानं जा, कोरडे जा.