हर्षाचं पाच युनिटचं गणित

(सानगडी. सकाळचे सहा. घराच्या मागच्या खोलीत अंडी उबवायचं मशीन सुरू आहे. हर्षा मशीनपाशी बसली आहे; सासू शेवंताबाई आणि सासरे टिकाराम आत येतात.)

शेवंताबाई: काय वं हर्षा, रातभर मशीनपाशीच बसली का?

हर्षा: हो आई. बॅटरीचा आकडा पाहून राहिली होती. अठरा टक्के उरले.

शेवंताबाई: म्हणजे भलं का बुरं?

हर्षा: भलंच. काल सकाळी गावची डीपी जळाली, तेव्हापासून लाइन नाही. तरी मशीन एक मिनिट थंड नाही पडलं. आता ऊन आलं, की पॅनेलवरून बॅटरी पुन्हा भरते.

टिकाराम: मले तर वाटलं होतं, पहाटेच विझते सारं. दुकानवाला सांगून राहिला होता, बिलात रोजचे दहा युनिट पडतात, तर दहाचीच बॅटरी घ्या. तू पाचवर अडून बसली.

हर्षा: मामाजी, दहातले अर्धे तर उन्हातच जळतात. ते पॅनेलच पुरवते. बॅटरीले फक्त रात सांभाळायची. मी महिनाभर सांजेले अन् सकाळी मीटर पाहून लिहिलं. मोटार सोडली तर रातचे चारच होतात.

टिकाराम: अन् माही मोटार?

हर्षा: तेवढंच एक भ्या होतं. वावरातून आले, की दिवेलागणीले तुम्ही मोटार लावता, ताज्या पाण्यानं आंघोळ करता. ते धरलं तर पाच पुरत नाही. तुम्हाले सांगायची हिंमत नाही झाली. मागं लाइन गेली तेव्हा तीनशे अंडी वाया गेली, अन् तुम्ही म्हणाले, आणखी एक खेप गेली तर मशीन घराबाहेर. काल सांजेले मी मोटारीकडं कान देऊन बसली होती.

टिकाराम: आला आवाज?

हर्षा: नाही.

टिकाराम: कसा येईल? दुपारीच लावली म्या. भर उन्हात टाकी भरून ठेवली.

शेवंताबाई: चाळीस वर्षं झाली, माह्या सांगण्यानं कधी दुपारी लावली नाही.

टिकाराम: तू कुठं लिहून दाखवलं? ही बाजारात गेली, तवा हिची वही पाहिली म्या. चूक सापडते का म्हणून दोनदा बेरीज केली. नाही सापडली.

शेवंताबाई: थांबा जरा. मशीनमधून काहीतरी वाजून राहिलं.

हर्षा: पिल्लानं आतून टोच मारली, आई. आज एकविसावा दिवस. हे पहा, दुसरंही फुटलं. अन् त्या कोपऱ्यातलं.

शेवंताबाई: अगं, मग रडते काहून?

हर्षा: लई खुशी झाली, आई. मले वाटलं होतं, आज माहं मशीन जाते.

टिकाराम: आता कोण हात लावते मशीनले? जा, तोंड धू. बाहेर शेजारचा कवडू येऊन बसला हाय.

हर्षा: एवढ्या सकाळी?

टिकाराम: रातभर साऱ्या आळीत आपल्याच घरी उजेड होता. पाहिला त्यानं. त्यालेही बॅटरी घ्यायची हाय. किती युनिटची घेऊ, मले विचारत होता.

हर्षा: मग काय सांगतलं?

टिकाराम: म्हटलं, बस. आमची सून येऊन राहिली.