संकष्टीच्या चौकटीतला पासवर्ड

मंडळी, नमस्कार. काकू, तुम्हालाही. मी सुनीता साळवे. आजच्या शोकसभेत बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं, सेक्रेटरींच्या मागे लागून मी ते घालून घेतलं. लिहून आणलं होतं, पण तोंडीच सांगते.

परांजपे काकांबद्दल सगळे चांगलं बोलले. खरंच बोलले. पण एक गोष्ट सगळ्यांनी टाळली. चार वर्षांपूर्वीची. काकांकडे त्यांच्या सरकारी ऑफिसातल्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटची जबाबदारी होती. ती वेबसाइट हॅक झाली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत आलं, 'पहले हमारी छात्रवृत्ति दो.' काकांची चौकशी झाली. प्रमोशन गेलं. रिटायर होईपर्यंत त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. आणि आपल्या मंडळात काय काय बोललं गेलं? कोणी म्हणालं, बेफिकीर माणूस. कोणी म्हणालं, आतून सामील असणार. याच हॉलमध्ये, गणपतीत, मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मंडळी, ते मी केलं होतं.

थांबा, मला बोलू द्या. नाहीतर परत धीर व्हायचा नाही.

तेव्हा मी इथे दिल्लीत एमसीएला होते. मुनिरकात एका खोलीत तिघी राहायचो. रविवारी सरोजिनी नगरला काकांच्या क्वार्टरवर जेवायला. काकू म्हणायच्या, "नगरची पोर ना तू, चल, भाकरी थापायला बस." आमचं घर ख्रिश्चन, पण जानेवारीत हळदीकुंकवाला वाण वाटायला काकूंना मीच लागायची.

त्या वर्षी हळदीकुंकवाच्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे बघून मी विचारलं, "काका, संकष्टीच्या चौकटीत हे काय उलटंसुलटं लिहिलंय?" काका हसले. "अगं, ऑफिसचा पासवर्ड. दर महिन्याला बदलायचा हुकूम आहे. माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून दर संकष्टीला बदलतो. उपासही होतो, कामही होतं." मीही हसले.

आमची शिष्यवृत्ती कितीतरी महिने अडकली होती. अर्ज दिले. गेटवर धरणं धरलं, पोलिसांनी उचलून बसमध्ये घातलं. कोणी ढुंकून पाहिलं नाही. मला वाटलं, यांच्या पहिल्या पानावरच लिहू ना, मग बघतील. लोक भिंतीवर पोस्टर चिकटवतात, मी कॅलेंडरवरचा तो पासवर्ड टाकून वेबसाइटवर चिकटवलं. इतकं सोपं वाटलं, यार.

बघितलं त्यांनी. बिल्कुल बघितलं. बातम्या आल्या, अडकलेली शिष्यवृत्तीही सुटली. पण तपासणीसाठी वेबसाइट तीन दिवस बंद ठेवली. आत शिरलेल्याने पोरांची काय काय माहिती उचलली, कोणालाच ठाऊक नव्हतं. मी काही उचललं नव्हतं, पण ते त्यांना कसं कळणार? आणि त्याच तीन दिवसांत नव्या अर्जांची शेवटची तारीख गेली. माझ्या खोलीतल्या रेखाचा अर्ज राहिला. ती सामान बांधून परभणीला निघून गेली. जिच्यासाठी ओरडत होते, तीच गेली. तिला मी आजवर फोन केलेला नाही.

मग काकांकडे गेले. काकू देवळात गेल्या होत्या. मी चपला काढायच्या आत काका म्हणाले, "सुनीता, ते तूच ना?" मला रडूच फुटलं. ते म्हणाले, "तू विचारलंस तेव्हाच मला ते खोडायला हवं होतं. गाढव मी." मी म्हटलं, उद्याच जाऊन सांगते. "अजिबात नाही. घरी कोण येतं, असं चौकशीत विचारलं मला. मी सांगितलं, हळदीकुंकवाला अर्धं सरोजिनी नगर येऊन गेलं, कोणाकोणाची नावं देऊ? आता मला खोटं पाडू नकोस. डिग्री घे. मी आहे तोवर गप्प बस."

आणि मग चहा ठेवता ठेवता म्हणाले, "मागणी तुमची बरोबर होती गं. पण जे दार तू बंद पाडलंस ते साहेबांचं नव्हतं, पोरांचं होतं. आणि किल्ली माझ्या घरातून नेलीस." एवढंच बोलले. पुन्हा कधी विषय काढला नाही. काकूंनाही सांगितलं नाही.

मी गप्प बसले. ते मला सोयीचंही होतं, खोटं कशाला बोलू? आज मी नोएडात सायबर सिक्युरिटीच्या कंपनीत आहे. पासवर्ड कुठे लिहून ठेवू नका, हे लोकांना शिकवायचा पगार घेते. आणि काका तिकडे रेकॉर्ड रूममध्ये फायलींवरची धूळ झटकत होते. लाज वाटते मला.

आता काका नाहीत. उद्या सकाळी त्यांच्या ऑफिसात माझ्या सहीचं पत्र देणार आहे. पुढे जे व्हायचं ते होईल. रेखालाही फोन करणार आहे. पण त्याआधी हे काकूंना सांगायचं होतं, आणि तुम्हालाही. परांजपे काका सामील नव्हते. काकू, मी तुमच्या घरचं जेवून हे केलं. माफ करा म्हणायचंही धाडस होत नाही.

काका, तुमच्या नावावरचा ठपका माझा होता. तो मी घेऊन जाते. तुम्हाला माझा नमस्कार.

मंडळी, आता दोन मिनिटं उभे राहू या. या हॉलमध्ये त्यांच्याबद्दल कोण काय बोललं, ते ज्याने त्याने आठवू या. नंतर माझ्याशी बोलायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.