आयविंदची शेवटची उडी

आजच्या संध्याकाळचे अध्यक्ष आणि आपले निर्मिती-व्यवस्थापक श्री. डेल्मार स्ट्राउड, व्यासपीठावरची दिग्दर्शक आणि कॅमेरामन मंडळी, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते संकलक श्री. वेंडेल प्रॅथर, त्यांच्या पत्नी ओपल, आणि समोर बसलेले सुतार, रंगारी, कपडे शिवणाऱ्या भगिनी, पैसे घेऊन उंचावरून पडणारे बंधू, सर्वांना माझा नमस्कार.

मी आयलीन हॉगलँड. शाळेत गणित शिकवते. भाषणाची सवय नाही, म्हणून कागदावर लिहून आणलं आहे. माझे पती आयविंद आपल्याकडे उड्या मारत. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्यांच्याबरोबर काम केलं आहे.

थिएटरात दर शनिवारी एक भाग दाखवायचा, नायक मरणाच्या दारात असताना तो संपवायचा आणि तो कसा वाचला ते पुढच्या शनिवारी दाखवायचं, अशा आपल्या मालिकांना लोक हसतात, हे मला ठाऊक आहे. आपला मंगळ शहराबाहेरच्या चॅट्सवर्थच्या खडकांत होता आणि चंद्रही तिथेच होता. एका भागात चंद्रावर विजेच्या तारांचा खांब दिसला. तेव्हा स्ट्राउडसाहेब म्हणाले होते, "असू दे. तिथंही बिल भरत असतील." तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हालाही आठवतंय.

त्या मंगळावर आयविंद उडायचे. डोक्यावर बादलीसारखं शिरस्त्राण, अंगात चामड्याचं जाकीट. जमिनीत लपवलेल्या उसळत्या फळीवरून कॅमेऱ्यावरून झेप घ्यायची, मध्ये तारेवरची बाहुली सरकायची, आणि शेवटी शिडीवरून उडी मारून आयविंद पायांवर उतरायचे. नायकाचा चेहरा वेगळा होता, पाठ मात्र आयविंदची होती.

सात वर्षांपूर्वी त्याच खडकांवरून मारलेल्या एका उडीत ते गेले. वारा फिरला आणि गाद्या एका बाजूला राहिल्या. त्याहून जास्त मला सांगायचं नाही.

माझ्या सासूबाई गुडरुन आमच्याजवळ राहत. त्या नॉर्वेहून आलेल्या. आयविंद गेल्यानंतरच्या वर्षी नवी मालिका लागली आणि शनिवारी दुपारी त्या टोपी घालून एकट्याच थिएटरात गेल्या. परत आल्या आणि कोट न काढताच म्हणाल्या, "तो आहे. तीनदा आला."

खरंच आयविंद होते. नव्या नायकाला आयविंदचंच जाकीट घातलं होतं, कारण मग जुन्या उड्या पुन्हा वापरता येत होत्या. नवी उडी घ्यायची तर खर्च होता. स्टुडिओनं काटकसर केली आणि एका आईला दर शनिवारी मुलगा दिसू लागला. श्रीमंत स्टुडिओत हे झालं असतं का?

पुढं त्या वेंडेलना भेटायला संकलनाच्या खोलीत जाऊ लागल्या. बटाट्याच्या पातळ पोळ्या डब्यात घालून न्यायच्या आणि तक्रारी करायच्या.

"या आठवड्यात एकदाच दाखवलास. आणि तोही पाठमोरा."

"मिसेस हॉगलँड, तुमचा मुलगा पाठमोराच उडायचा."

"डावीकडून घेतलेली एक उडी आहे. ती लाव. अन् त्या नव्या पोराला सांग, जाकीट घालून असं पोक काढून चालू नये. लोकांना वाटेल, आयविंदच तसा चालायचा."

वेंडेल ती उडी लावायचे. कथेत गरज नसली तरी लावायचे.

एकदा सासूबाईंनी विचारलं, "त्या दिवसाची उडी कुठं आहे?" वेंडेल म्हणाले, "त्या दिवशी कॅमेऱ्यात फिल्म घालायची राहिली होती." सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडं तेही होऊ शकतं." विषय तिथेच संपला.

गेल्या वर्षी आपला मालिका विभाग बंद होणार, असं ठरलं. जुन्या फिल्म चांदी काढण्यासाठी विकायच्या होत्या. तेव्हा वेंडेल आमच्या घरी आले आणि माझ्याशी हळू बोलले. त्या दिवसाची फिल्म होती. तो डबा त्यांनी कुणाला दिला नव्हता, आणि आता काय करावं हे मी सांगावं, असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, जाळून टाका. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं.

"मला बघायची आहे."

"आई, नका बघू. मी तिथं होते. मी तुम्हाला सांगितलंय."

"तू तिथं होतीस. मी नव्हते. म्हणून तर."

 मला भीती एवढीच होती की, पाच वर्षं ज्या बाईनं मुलाला दर आठवड्याला उडताना पाहिलं, तिला यापुढं मिटल्या डोळ्यांसमोर फक्त तो पडताना दिसेल.

आम्ही गेलो. वेंडेलच्या संकलनाच्या यंत्राचा पडदा खेळायच्या पत्त्याएवढा. सासूबाई नाक टेकवून बसल्या. मी दाराशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. यंत्र खडखडलं आणि थांबलं.

"थांबवलंस का? हवेत आहे तो."

"भाग इथं संपतो, मिसेस हॉगलँड."

"पुढचा?"

"पुढच्या शनिवारी."

 सासूबाईंनी टोपी सारखी केली आणि म्हणाल्या, "बरं."

पुढच्या शनिवारी मी गाडीची किल्ली घेतली. त्या म्हणाल्या, "आज गुडघा दुखतोय. पुढच्या खेपेला जाऊ." त्यानंतर एकदा पाहुणे यायचे होते, एकदा सर्दी होती. मी आग्रह केला नाही. हिवाळा असाच गेला. फेब्रुवारीत त्या वारल्या.

दफनानंतर वेंडेलनी तो डबा मला दिला. मी विचारलं, "आई खरंच आल्या असत्या तर?"

ते म्हणाले, "आयलीन, जमिनीवरचा तुकडा मी त्याच दिवशी कापून टाकला. तो कुणी बघावा असा नव्हता. त्या आल्या असत्या तर मी तेच दाखवलं असतं जे आम्ही दर आठवड्याला दाखवतो. आधी मागची उडी पुन्हा, आणि मग तो कसा वाचला ते."

मागच्या महिन्यात शाळेचा प्रोजेक्टर घरी आणून मी ती फिल्म पाहिली. आयविंद खडकावरून झेप घेतात, हवेत थोडे वळतात, आणि मग पायांवर उतरून चालू लागतात. उतरण्याचा तुकडा एका जुन्या मालिकेतला आहे. झेप घेताना जाकिटाची बटणं लावलेली आहेत आणि उतरताना जाकीट उघडं आहे. सावलीही दुसऱ्या बाजूला पडते. वेंडेल, तुमच्यासारख्या माणसाच्या हातून अशी जोडणी झालेली कुणी पाहिली नसेल.

सासूबाईंना ती चूक पहिल्याच नजरेत दिसली असती. मला वाटतं, त्या काहीही बोलल्या नसत्या. मीही काही बोलणार नाही.

वेंडेल, ओपल, ऑरेगनमध्ये मुलीजवळ तुम्हाला स्वस्थता लाभो. मला इथं बोलावलं, याबद्दल अध्यक्षांची आणि तुम्हा सर्वांची मी आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही राहिलं असेल, किंवा नको ते आलं असेल, तर आपल्या जुन्या भागांतल्या चुका जशा सांभाळून घेतल्यात, तसंच यालाही सांभाळून घ्या.