पिशवीतलं सन्मानचिन्ह

पारनेरला ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात मी रांगेत होतो. माझ्यापुढे एक शेतकरी आणि त्यांची मुलगी वैभवी. मेडिकलच्या प्रवेशाचे पर्याय भरायचा तो शेवटचा दिवस.

“बारावीला चौऱ्याण्णव टक्के, आन डॉक्टर व्हता येईना?”

“आप्पा, बारावीचे धरत न्हाईत. नीट परीक्षेचे धरतात. तिथं मला सातशेवीसपैकी चारशे दहाच हायेत.”

“मंग दोन वर्सं कॉलेजात कशाला घातली?”

“बारावीला पन्नास टक्के तरी लागतात ना.”

“म्हंजे पन्नासवाला आन तू सारखीच?”

“फॉर्मपुरते सारखेच.”

“काय बी! ग्रामपंचायतीनं दिलेलं सन्मानचिन्ह आनलंय पिशवीत. साहेबाला दाखवू.”

“हितं साहेब न्हाई, आप्पा. कॉम्प्युटर हाय.”

“मंग आता आयुर्वेद भरायचं, का आनखी एक वरीस नीटचा अभ्यास?” आप्पा माझ्याकडे वळले. “अवो गुरुजी, तुमी सांगा. तुमच्या हातात पुस्तक हाय.”

“मला... नक्की नाही सांगता येणार.”

“त्यांना काय इचारता? मला इचारा की.”

“बरं. सांग, तुला काय करायचंय?”

“चला, पुढचं कोण?” दुकानदार ओरडला.

“थांबा ना, दादा. हे मला आजवर कुणी इचारलंच न्हवतं.”